झाडीपट्टीच्या नाटकांवर परीक्षण का लिहिलं जात नाही?

सायली_ब्रह्मपुरी

भाऊबीज झाली, कापलेल्या धानाचे पुंजणे (ढीग) बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे राहिले की आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट होळीपर्यंत. वडशाला (देसाईगंजला) नाटक कंपन्यांच्या ऑफिसांसमोर सध्या गावोगावच्या मंडळांची रीघ लागलेली आहे. कोणाला मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, रात्र हवी, कोणाला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, लाखांदूर एवढ्या पट्ट्यातच एका रात्रीत कितीतरी पडदे उघडतात. लोक तिकीट काढून, शाल-घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात.

यावर छापून काय येतं? जिल्ह्याच्या पानावर उद्घाटनाची बातमी आणि मंचावरच्या मान्यवरांची यादी. नाहीतर पुण्या-मुंबईच्या एखाद्या पुरवणीत दरवर्षीचा तोच लेख: जंगलातली रंगभूमी, कोटींची उलाढाल, रात्रभर जागणारे प्रेक्षक. त्यात नाटकच नसतं. दुसरा अंक का रेंगाळला, खलनायक कोणी केला, कसा केला, गाणं कुठे चुकीच्या जागी घुसवलं, याबद्दल अवाक्षर नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या प्रयोगांचे आकडे सगळ्यांनी छापले. हा माणूस हशा नेमका कसा काढतो, वाक्याआधी किती थांबतो, प्रेक्षकांकडे कधी पाहतो, हे लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या नाटकांचं कौतुक पुष्कळ झालं, आता परीक्षण हवं. प्रयोग बघून, कलाकारांची नावं घेऊन, मुद्देसूद आणि कडक. तुम्हाला काय वाटतं?

पटाचा_बैल

पयले हे सांगा, यंदा कोन्या गावाले नाटक पाहाले गेलता? मंग बोलू. 🙂

सायली_ब्रह्मपुरी

@पटाचा_बैल, सिंदेवाहीकडे दोन आणि आरमोरीला एक. मंडई सोडून नाटकाला जाते म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

रंगपट_नागपूर

मी नागपूरला प्रायोगिक नाटक करतो, राज्य नाट्य स्पर्धेसाठी चंद्रपूरला प्रियदर्शिनी सभागृहातही प्रयोग केले आहेत. झाडीपट्टीची नाटकंही पाहिलेली आहेत, म्हणून बोलतो.

परीक्षण करायचं कशाचं? बहुतेक संहिता छापलेल्याच नसतात. लेखक हंगामापुरतं नाटक लिहून देतो, त्यात भाऊ-बहीण, सावकार, कुंकू, दारू आणि शेवटी मरणारी माय. नटांना पुरेशा तालमी मिळत नाहीत. अशा प्रयोगाला नेपथ्य, प्रकाश, दिग्दर्शन, अभिनय हे रकाने लावले तर सगळे कोरे राहतील. आणि ते रकाने लावायचे नाहीत म्हटलं तर 'लोकांना आवडतं' यापलीकडे लिहिणार काय? माधव मनोहर किंवा कमलाकर नाडकर्णी यांच्यासारखे समीक्षक लिहायचे तेव्हा त्यांच्यासमोर संहिता होती, दिग्दर्शकाचा विचार होता. इथे दिग्दर्शक कोण, तेच कधीकधी कळत नाही.

सायली_ब्रह्मपुरी

@रंगपट_नागपूर, रकाने कोरे राहतील ते आपण पुण्याचे रकाने आणले म्हणून. तालमीशिवाय चार-पाच तास नाटक उभं राहतं, ते कशाच्या जोरावर? परीक्षकानं पहिल्यांदा तिथेच बोट ठेवायला हवं.

ऑर्गनवाला

याचं उत्तर मी देतो. बरीच वर्षं झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो आहे.

कलाकार नाइटवर, म्हणजे एकेका रात्रीच्या पैशावर, काम करतात. काल एका कंपनीत होता तो आज दुसऱ्या कंपनीत. कोणी नागपूरहून येतो, कोणी गडचिरोलीहून, कोणी बसनं, कोणी दुचाकीवर. संध्याकाळी गावात पोचल्यावर जेवणाच्या पंगतीत एकमेकांना विचारतात, 'तू माझा भाऊ आहेस का जावई?' रंग लावता लावता प्रॉम्प्टर प्रवेश सांगतो. ऐकायला हे भोंगळ वाटेल, पण मंचावर गेल्यावर बघा. प्रॉम्प्टर पडद्याआडून वाक्याचं टोक देतो, नट ते उचलतो आणि पुढचं स्वतःच्या जिभेवर घेतो. समोरच्यानं वाक्य गाळलं तर तेच दोन वेगळ्या शब्दांत काढून घेतो. हे सगळ्यांना जमत नाही. चांगला नट कोण, हे आम्हाला वाजवणाऱ्यांना दहा मिनिटांत कळतं.

आमचं कामही तेच. आम्ही मंचासमोर बसतो. नट अडला की मी सूर धरतो, म्हणजे ती जागा रिकामी न वाटता भावनेची वाटते. तबलजी नटाच्या पावलांकडे बघतो, स्वरांकडे नाही. खलनायक वळला की थाप पडलीच पाहिजे, तो कधी वळेल हे त्यालाही ठाऊक नसतं.

कोणी परीक्षण लिहिणार असेल तर एक विनंती. प्रॉम्प्टरचं नाव लिहा. ते पोस्टरवर कधीच नसतं.

अनघा_पु

ऑर्गनवाले दादा, हे वाचून थरारले. प्रॉम्प्टर संहितेबाहेरचं काही सांगतो का कधी?

ऑर्गनवाला

सांगतो ना. 'माइकखाली ये', 'गाणं कापलं, पुढचं घे', 'पाटील पेंगतायत, आवाज चढव'. सगळं त्याच सुरात, वाक्यांच्या मधे. नवा नट एकदा 'माइकखाली ये' हे पण मोठ्यानं म्हणून गेला होता. लोकांना वाटलं बायकोला म्हणतोय, ती बिचारी आली पुढे. 😄

कुडाळचा_गजा

आमच्याकडे दशावताराचं असंच. लिहिलेले संवाद नाहीत, कथा तेवढी ठरलेली. रंगपटात बसून प्रवेश ठरतात आणि नट समोरच्याला अडवून अडवून संवाद वाढवतो. देवळाच्या आवारात बसणारे म्हातारे मात्र कडक. संकासुराचं पात्र नीट झालं नाही तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वस्त्रहरण होतं. पण ते हवेत विरतं. पुढच्या पिढीच्या नटाला आधीचा नट काय करायचा हे कळायला काही उरत नाही. म्हणून सायलीताईंच्या बाजूनं माझं मत.

मंडळाचा_सचिव

नमस्कार. आमच्या गावात मंडळातर्फे नाटक लावतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, शामियाना, खुर्च्या, वीज, कलाकारांचं जेवण आपलं, आणि तिकिटाचे पैसे मंडळाचे. उरले तर शाळेच्या खोलीला, मंदिराला, एखाद्याच्या आजारपणाला. नाही उरले तर मंडळाच्या पोरांनी खिशातून भरायचे. अवकाळी पाऊस आला की सगळं पाण्यात. करोनाच्या वर्षी तर कलाकार धान कापायला मजुरीनं गेले.

अशात कोणीतरी शहरातून येऊन पहिल्याच प्रयोगावर 'दुसरा अंक पडला' असं मोबाइलवर लिहिणार. ते गावोगावच्या ग्रुपवर फिरणार. पुढची बुकिंगं तुटली तर चाळीसेक माणसांच्या पोटावर पाय येतो. मुंबईत नाटक पडलं तर नट मालिकेत जातो. आमचा कुठे जाणार?

आणि समीक्षा आमच्याकडे होतेच. यंदा जी कंपनी आवडली तिला लोक पुढच्या वर्षी पुन्हा आणा म्हणतात. नाही आवडली तर नाव काढत नाहीत. याहून मोठा परीक्षक कोण?

रंगपट_नागपूर

सचिवसाहेब, पुन्हा बुकिंग मिळतं ते नेहमी चांगल्या नाटकाला मिळतं का? नाटकाच्या मधे रेकॉर्डवर नाच किती आहेत, हे विचारून बुकिंग होतं असं मी स्वतः ऐकलं आहे.

मंडळाचा_सचिव

होतं. खोटं बोलणार नाही. पोरांची मागणी असते, तिकिटं तिथेच खपतात. गेल्या साली आम्ही ठरवलं की नाच नकोच, तर शेजारच्या गावानं त्याच रात्री नाचाचं नाटक लावलं. आमच्या मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या.

वैनगंगेकाठी

नाचाचा विषय निघाला की सगळे नाचणाऱ्या मुलींना बोलतात, म्हणून आधीच लिहिते. त्या मुली कंत्राटावर येतात, कडाक्याच्या थंडीत पातळ कपड्यांत नाचतात आणि पहाटे टेम्पोत बसून पुढच्या गावी जातात. मंचाजवळ येऊन हुल्लड करणारे गावचे असतात. दोष द्यायचा तर जो प्रवेश नाचासाठी कापला जातो त्या प्रवेशाचा हिशेब मागा. माझ्या डोळ्यांसमोर मुलीची पाठवणी चालली होती, बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, आणि तिथेच गाण्याची रेकॉर्ड सुरू झाली. बायांचा तो रडवेला क्षण परत आला नाही. हे कोणी लिहायला हवं की नको?

पटाचा_बैल

+१. अन् बायाच जास्त येतेत नाटकाले. त्याइचं कोनी इचारत नाही.

मुकुंद_डोंबिवली

थोडं विषयांतर. रात्रभर ध्वनिक्षेपक चालतो तो कसा? इथे दहाला पोलीस येतात.

मंडळाचा_सचिव

तीच तर डोकेदुखी. २००० सालच्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला ही अट नाही, पण आमचं सभागृह म्हणजे उघडं शेत. नाटक सुरूच दहानंतर होतं, कारण त्याआधी माणसं जेवून, जनावरांचं आवरून निघू शकत नाहीत. मग दर हंगामात ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणखी वेगळी परवानगी.

वैनगंगेकाठी

आणि मधेच थांबवलं तर लोकांनी जायचं कसं? ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात वाघ आहेत. पहाटेपर्यंत नाटक चालणं ही सोयही आहे. उजाडलं की घोळक्यानं घरी.

जुनी_नांदी

नाटक मूळचं गावकऱ्यांचंच होतं हेही नोंदवा. कंपन्या नंतर आल्या. माझे आजोबा लाखांदूरकडच्या गावात 'एकच प्याला'तली सिंधू करायचे. १९१९ मध्ये गंधर्व मंडळीनं ते रंगमंचावर आणलं, आणि गडकरी त्याआधी महिनाभर आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले. आजोबांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, तबकड्या ऐकून पदं बसवली. दिवसा नांगर आणि रात्री नऊवारी. दंडार आणि खडी गंमत हे इथले लोकनाट्याचे प्रकार त्याही आधीपासून आहेत, दंडारीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी अभ्यास करून लिहून ठेवलं म्हणून आपल्याला आज निदान बोलता येतं. आजोबांच्या सिंधूबद्दल मात्र एक ओळ कुठे नाही. ती चांगली होती का वाईट, मला कधीच कळणार नाही.

पेडण्याची_सुमन

गोव्यात जत्रेला गावकरी स्वतः नाटक बसवतात, अजूनही. पण आमच्याकडे कला अकादमीची स्पर्धा आहे, अ गट, ब गट. परीक्षक येतात, निकालावर भांडणं होतात, पुढच्या वर्षी लोक ईर्षेनं तयारी करतात. त्या भांडणांनी आमच्या गावच्या नाटकांचं भलंच केलं. झाडीपट्टीला स्पर्धेपेक्षा लिहिणारी माणसं हवीत असं वाटतं, कारण नाटक धंद्याचं आहे. धंद्याच्या माणसाला रोज नव्यानं चुका दाखवणारं कोणी हवं.

अनघा_पु

मग कोणीतरी लिहूनच दाखवा की. वाद घालण्यापेक्षा एक नमुना समोर येऊ दे.

सायली_ब्रह्मपुरी

लिहिते. नाटकाचं आणि कंपनीचं नाव यावेळी देत नाही. हंगाम नुकताच सुरू झालाय, आणि सचिवांचा मुद्दा माझ्या डोक्यात आहे.

सिंदेवाहीजवळचं गाव. सत्कार आणि भाषणं उरकून पडदा वर जाईपर्यंत साडेअकरा झाले. विषय आजचा आहे. धाकट्या भावाला खासगी शाळेत शिक्षकाची नोकरी लागायची आहे, संस्थेला पैसे द्यायचे आहेत, त्यासाठी थोरला भाऊ दोन एकर बांधी विकतो. शामियान्यात बसलेल्या किती घरांत हे घडलं असेल, ते लोकांच्या शांततेवरूनच कळत होतं.

पहिल्या अंकातला पैसे मोजण्याचा प्रवेश मी विसरणार नाही. थोरला भाऊ खाटेवर बसून नोटा मोजतो. अंगठा जिभेला लावतो, मोजतो, मधेच एका नोटेपाशी थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तीनदा. चौथ्यांदा मोजत नाही, गठ्ठा तसाच भावाच्या हातात देतो. संवाद एकही नाही. ऑर्गनही गप्प होता, आणि तो गप्प ठेवणाऱ्याचं मला कौतुक आहे. हा नट झाडीपट्टीतल्या सवयीप्रमाणे हातवारे करून रडला असता तर टाळ्या पडल्या असत्या. त्यानं टाळ्या सोडल्या.

थोरल्याची बायको करणारी बाईही वेगळी. माइक वरून टांगलेले असतात, म्हणून सगळी पात्रं पुढे एका ओळीत येऊन बोलतात. भांडण असो की प्रेम, सगळे ओळीतच. या बाईनं एक वाक्य मागे चुलीपाशी, पाठ करून, माइकपासून लांब म्हटलं. मला ऐकू आलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतली आजी शेजारणीला म्हणाली, 'नाही म्हनते ते, विकू नोका म्हनते.' आजीनं पाठीवरून वाक्य ओळखलं.

आता दोष. दुसऱ्या अंकात विनोदी नोकर आणि मोलकरणीचा प्रवेश सुरू झाला तो संपेचना. नोकर करणारा नट तयारीचा आहे, लोक पोट धरून हसले, पण त्या हशाचा बांधीशी, पैशाशी, भावाशी काडीचा संबंध नव्हता. त्यानंतर लगेच नाच. परत आलो तेव्हा थोरल्या भावाचं दुःख थंड झालेलं होतं, आणि नटाला ते पहिल्यापासून तापवावं लागलं.

सगळ्यात मोठी तक्रार लेखकावर. संस्थाचालक हा खलनायक आहे, उत्तम रंगवलाय. पण शेवटी तो एका प्रवेशात पोलिसांच्या हाती सापडतो, माय मरते, भाऊ गळ्यात पडतात, पडदा. नोकरी विकत घ्यायला धाकटा तयार का झाला, थोरल्यानं त्याला अडवलं का नाही, हा प्रश्न लेखकानंच पहिल्या अंकात उभा केला आणि पहाटे साडेचारला सोडून दिला. पाच तास जागलेल्या प्रेक्षकाला त्याचं उत्तर मिळायला हवं होतं.

प्रॉम्प्टर कोण होते ते विचारलं. ते म्हणाले, 'माझं नाव कशाला?' पुढच्या वेळी घेऊनच येते.

ऑर्गनवाला

ऑर्गन गप्प होता हे लिहिणारी तुम्ही पहिली. वाजवणं सगळ्यांना ऐकू येतं, न वाजवलेलं कोणाला कळत नाही. मी त्या प्रयोगात नव्हतो, पण वाजवणारा कोण असेल ते ओळखलं. त्याला वाचून दाखवतो.

पटाचा_बैल

नोकरीचं लई खरं हाय. आमच्या घरचीच गोठ झाली. बाकी कॉमेडी लांबली म्हनता, पन दिवसभर धान चुरून आलेल्या मानसाले दोन घंटे रडवलं तं झोपून जाईन न तो. मधात हासाले पायजेच.

सायली_ब्रह्मपुरी

@पटाचा_बैल, हसायला हवंच, मान्य. त्या नोकरालाही बांधी विकल्याची खबर असती, त्याचंही पोट त्याच बांधीवर असतं, तर तोच हशा नाटकाच्या आतून आला असता. नट तेवढ्या ताकदीचा होता म्हणून जास्त वाईट वाटलं.

रंगपट_नागपूर

याला परीक्षण म्हणतात. पाठीवरून वाक्य ओळखणारा प्रेक्षक मला नागपुरात मिळत नाही, हेही सांगतो. पण माझा आक्षेप आता दुसरा आहे. नाव का नाही? तुमची मूळ मागणीच नावं घेऊन लिहा अशी होती. तो नोटा मोजणारा नट कोण, हे मला कळायला हवं. निनावी कौतुकाचा त्याला काय उपयोग?

वैनगंगेकाठी

बरोबर. खुणे दादांना पद्मश्री मिळाली म्हणून त्यांचं नाव बाहेर गेलं. चुलीपाशी पाठ करून बोलणाऱ्या बाईचं नाव कधी जाणार?

मंडळाचा_सचिव

परीक्षण वाचलं, मंडळाच्या पोरांनाही वाचायला दिलं. खरं सांगतो, यात कोणाच्या पोटावर पाय आलेला नाही. उलट ही कंपनी कोणती ते कळलं तर आम्ही विचारू, फक्त नाच काढून द्या म्हणू. माझी सूचना अशी: चांगल्या कामाला नटाचं नाव पहिल्याच दिवशी द्या. दोष लिहायचे तर प्रयोग दोनदा बघा. दर रात्री नटसंच बदलतो, एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्रीच्या माणसाच्या माथी नको.

कुडाळचा_गजा

सचिवांनी लाखातलं बोललं. दशावतारालाही हाच नियम लावू.

रंगपट_नागपूर

दोनदा बघायची अट पुण्या-मुंबईच्या परीक्षकांनाही लावली पाहिजे. मला मान्य. एकच जोड: लेखकावरची टीका पहिल्या प्रयोगानंतरही नावानिशी व्हावी. संहिता रात्रीगणिक बदलत नाही.

ऑर्गनवाला

बदलते कधीकधी. 🙂 पण शेवट बदलत नाही. लेखकाला धरा, चालेल.

सायली_ब्रह्मपुरी

ठरलं मग. तेच नाटक येत्या शनिवारी नागभीडकडे पुन्हा लागतंय. मी परत बघते. नोटा मोजणाऱ्या नटाचं, त्या बाईचं, नोकराचं, ऑर्गनवाल्याचं आणि प्रॉम्प्टरचं नाव घेऊन इथेच लिहिते. लेखकाला भेटता आलं तर धाकट्या भावाबद्दल विचारते. रंगपट, तुम्ही येता का? एकाच प्रयोगावर दोघांनी वेगवेगळं लिहू.

रंगपट_नागपूर

येतो. रात्री परतायची सोय काय?

पटाचा_बैल

परताचं नाही. माह्या बहिनीचं घर हाय तेथं, नाटकाले पाहुने येतेतच. जेवून बसा, सकाळी च्या पिऊन जाजा. अन् सोबत शाल घेऊन या, थंडी लई हाय.